पुण्यातून पनामा: शिडाच्या बोटीने कालवा ओलांडायचा तर कागद, दोर आणि माणसं कशी जमवायची

दादाने आणि त्याच्या दोन मित्रांनी ग्रेनाडात एक जुनी, १२ मीटरची शिडाची बोट विकत घेतली तेव्हाच कामाची वाटणी झाली होती: बोट ते चालवणार, कागद मी बघणार. ते तिघे खडकवासल्याच्या पाण्यावर शीड धरायला शिकलेले. मी कर्वेनगरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर फाइल मांडून. कॅरिबियनमधून पनामा कालव्याने पॅसिफिकमध्ये उतरायचं आणि तिथून पश्चिमेकडे सरकत घरी यायचं, असा बेत. कालवा नीट पार पडला. त्यासाठी काय काय करावं लागलं आणि कुठे अडलो, ते सविस्तर लिहिते आहे, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत याबद्दल काहीच सापडलं नव्हतं.

शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणा म्हटलं की आपल्याला दिलीप दोंदे, अभिलाष टॉमी आणि 'तारिणी'वरच्या नौदल अधिकारी आठवतात. ते सगळे केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून गेले. त्या प्रकारच्या प्रदक्षिणेत कालवा चालतच नाही. घरगुती बोटीने, पन्नाशीतल्या माणसांनी हॉर्नच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कालवा ८० किलोमीटरच्या आसपास आहे आणि छोटी बोट तो साधारण दोन दिवसांत ओलांडते.

सुरुवात नावांपासून

आमचा सगळ्यात मोठा घोळ नावाचा झाला. बोटीचं नाव ठेवलं 'झुळूक'. रोमन लिपीत ते कसं लिहायचं यावर कुणी बसून विचार केलाच नाही. नोंदणीपत्रावर ते 'जे-एच'ने सुरू झालं, आणि मी कालव्याचे पैसे पाठवताना सवयीने 'झेड'ने लिहिलं. समोरच्या बँकेला 'झेड'वाली बोट सापडेना. पैसे सहा दिवस अधांतरी. तोवर बोट नांगरावर, आणि तारीख काही मिळेना.

म्हणून पहिलं काम हे करा: एका कागदावर बोटीचं नाव रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, नोंदणीपत्रावर आहे अगदी तसं लिहा आणि तो कागद घरातल्या आणि बोटीवरच्या प्रत्येकाला पाठवा. नाव रेडिओवर अक्षर-अक्षर सांगून बघा. स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार 'ह'सारखा होतो, त्यामुळे आमची 'झुळूक' पनामात 'हुलुक' झाली होती. 'ज्युलिएट, होटेल, युनिफॉर्म, लिमा, युनिफॉर्म, किलो' असं सांगितलं की लगेच कळायचं. नाव अजून ठेवायचं असेल तर 'झ', 'ळ', 'ज्ञ' टाळा. 'तारा'सारखी नावं रोमन लिपीत बहुधा एकाच तऱ्हेने लिहिली जातात.

माणसांच्या नावांचंही तेच. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. खलाशांच्या यादीत वहिनीचं नाव एका ठिकाणी मधल्या नावासकट गेलं, दुसऱ्या ठिकाणी त्याशिवाय, आणि बंदरावरच्या माणसाने विचारलं की या दोन बायका आहेत का. यादीत नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि बोटीवरचं काम एवढंच असतं. पण ती पासपोर्टच्या खालच्या दोन छापील ओळींवरून, अक्षर तपासून तयार करा. तिच्या २० प्रती काढा. कॅरिबियनमधलं प्रत्येक बेट एकदोन तरी ठेवून घेतं.

बोटीचे कागद

परदेशात घेतलेल्या बोटीला भारतीय झेंडा लावायचा असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत आधी तात्पुरती नोंदणी होते आणि कायमची नोंदणी मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे, आपल्यासाठी मुंबईला. १९५८च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी २०२५मध्ये नवा कायदा आला आहे, त्यामुळे जुन्या ओळखीतल्या माणसाने सांगितलेल्या पद्धतीवर जाऊ नका. मुंबईच्या कार्यालयाला ईमेल करून आज लागणारी यादी मागवा आणि ते उत्तर छापून फाइलमध्ये लावा. आधीच्या मालकाच्या देशातली नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि खरेदीखत ही दोन मुळं आहेत. बाकी सगळं त्यांच्यावर उगवतं.

मालक तीन आणि बोट नेणारा त्यातला एकच, अशी आमची स्थिती होती. अशा वेळी बोट नेणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र लागतं. ते आम्ही शिवाजीनगर कोर्टाजवळ ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केलं, मग मंत्रालयातून आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलेली मोहोर, करून घेतलं. भारत आणि पनामा दोघेही अपॉस्टिल मानतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकलेल्या मैत्रिणीने त्याचं भाषांतर करून दिलं. ते मूळ पत्रामागे जोडलं. कुणी मागितलं नव्हतं, पण कोलोन या पनामाच्या बंदरातल्या खिडकीवरच्या बाईंनी इंग्रजी पान बाजूला ठेवून स्पॅनिश पान वाचलं आणि शिक्का मारला.

रेडिओकडे लोकांचं लक्ष जात नाही. जुन्या बोटीचा एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, आणि ईपीर्ब, म्हणजे बुडताना उपग्रहाला हाक मारणारं यंत्र, ही जुन्या झेंड्याच्या देशाशी बांधलेली असतात. झेंडा बदलला की क्रमांक बदलतो. भारताचे क्रमांक ४१९ने सुरू होतात. ईपीर्बमध्ये नवा क्रमांक भरून घ्या आणि भारतातल्या नोंदणीसाठी बेंगळुरूच्या 'इस्रो'च्या केंद्राकडे अर्ज करा. त्या अर्जात आपत्कालीन संपर्काचा रकाना असतो. तिथे पुण्यातल्या अशा माणसाचा नंबर द्या जो रात्री फोन बंद ठेवत नाही. आमच्याकडे तो माझा आहे.

उपग्रह फोन बोटीवर असेल तर आताच ध्यानात ठेवा की भारताच्या हद्दीत थुराया किंवा इरिडियमचा फोन दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपग्रह यंत्रांवरूनही लोक अडचणीत आले आहेत. परवानगीचं काम बोट भारतापासून दूर असतानाच सुरू करा.

व्हिसा आणि लस

भारतीय पासपोर्टला पनामाचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा देशांचा अनेक प्रवेशांचा, एकदा तरी वापरलेला व्हिसा असणाऱ्यांना सवलत आहे. तुमच्या बाबतीत, बोटीने येताना, ती लागू असल्याचं दिल्लीतल्या पनामाच्या वकिलातीकडून लेखी घ्या आणि ते पत्र पासपोर्टमध्येच ठेवा.

पिवळ्या तापाची लस मात्र पुण्यातून निघण्याआधीच. पनामा आणि कोलंबिया दोन्ही भारताच्या यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, आणि यात कुणाची विनवणी चालत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे ठरावीक दिवशीच देतात आणि दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

कोलोनमध्ये

आधीच्या बंदरातून निघताना 'सार्पे' घेतलेला असावा, म्हणजे त्या देशाने दिलेला निघण्याचा परवाना. तो नसेल तर पनामात पहिल्याच खिडकीवर थांबाल. कोलोनला इमिग्रेशन, मग सागरी प्राधिकरणाकडून बोटीचा परवाना, आणि मग कालवा प्राधिकरणाकडे अर्ज, असा क्रम. छोट्या खासगी बोटीला एजंटची सक्ती नाही. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने एजंट घ्यावा असं मी म्हणेन, आणि त्याचं कारण पैशांच्या भागात येईल.

अर्ज गेला की मोजणीची तारीख मिळते. मोजणी करणारा अधिकारी बोटीवर येतो आणि टेपने खरी लांबी घेतो. कागदावर आमची बोट ११.९ मीटर; पुढे आलेला नांगर आणि मागे लटकवलेली छोटी होडी धरून ती १३च्या वर भरली. टोल लांबीच्या टप्प्यावर ठरतो, त्यामुळे टप्प्याच्या काठावर असाल तर मागची होडी उतरवून डेकवर बांधा. विम्याच्या कागदावरही हीच खरी लांबी घाला.

टेप गुंडाळल्यावर तो प्रश्न विचारतो: इंजिनवर किती वेग जातो, एआयएस, म्हणजे बोट कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र, आहे का, भोंगा वाजतो का, संडासाची टाकी बंद आहे का, कालव्याकडून बोटीवर येणाऱ्या सल्लागाराला बसायला सावली आहे का. वेग पाच नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरच्या, खाली सांगितला तर जाऊ देत नाहीत. खोटं सांगितलं आणि वाटेत वेग पडला तर खर्च आपल्या माथी येतो. आमच्या इंजिनाचा पंखा शंख-शिंपल्यांनी भरला होता. दादाने आदल्या दिवशी पाण्यात उतरून तो खरवडला आणि अर्धा नॉट परत मिळाला. मोजणी झाली की बोटीला एक ओळख क्रमांक मिळतो. तो तिच्यासोबत कायम राहतो, बोट विकली तरी. फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवा.

पैसे पुण्यातून पाठवताना

टोल, तपासणीचं शुल्क, सुरक्षेचं शुल्क आणि वर एक अनामत, असं एकत्र भरावं लागतं. दर कालवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतात आणि बदलत राहतात, म्हणून निघायच्या महिन्यात पुन्हा बघा. वाटेत काही बिघडलं नाही तर अनामत परत येते. एजंट घेतला तर अनामतीची हमी तो देतो आणि तेवढी रक्कम अडकत नाही. पुण्यातून व्यवहार करणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे, कारण भारतातल्या खात्यावर परतावा यायला वेळ लागतो आणि मधल्या बँका आपला वाटा कापतात.

आपल्याकडून पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात: एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, पॅन, ए-२ अर्ज. एप्रिल २०२५पासून वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर साधारणपणे २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण रोकड तोवर अडकते. बोटीची किंमतही याच खात्यातून गेली असेल तर तुम्ही ती १० लाखांची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. मालक तिघं असतील तर कालव्याचे पैसे ज्याच्या नावावर त्या वर्षी कमी गेले आहेत त्याच्याकडून पाठवा.

पनामा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. पुण्यातली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे तिथली शुक्रवारची सकाळ, आणि त्यानंतर थेट सोमवार. पैसे सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. ते जमा झाले की कालव्याच्या वेळापत्रक विभागाला तिथल्या संध्याकाळी सहानंतर फोन करून तारीख घ्यायची. नांगरावर दादाला रेंज मिळत नव्हती, म्हणून तो फोन मी केला, आपल्याकडे पहाटे साडेचारला. पलीकडच्या माणसाने ओळख क्रमांक विचारला, थांबला आणि तारीख सांगितली. एवढंच. दूधवाला यायच्या आत सगळं झालं होतं.

तारखेसाठी किती थांबावं लागेल हे पाण्यावर आणि मोसमावर असतं. फेब्रुवारी ते एप्रिल पॅसिफिककडे जाणाऱ्या बोटींची गर्दी असते, आणि तोच तिथला कोरडा काळ. कालवा समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. कालव्याच्या मधल्या गाटुन तलावाचं गोडं पाणी उतारानेच, बोटींना वर-खाली नेणाऱ्या हौदांत सोडतात आणि शेवटी ते समुद्रात जातं. एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर. धरणसाठा टीएमसीत मोजणाऱ्या पुणेकराला हा हिशोब पटकन कळेल: दिवसाला ३६ जहाजं म्हणजे ढोबळमानाने पाव टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९.१५ टीएमसी, एवढा साठा या दराने चार महिनेही पुरणार नाही. २०२३च्या दुष्काळात डिसेंबरमध्ये रोजची जहाजं २२वर आणावी लागली होती. पाऊस कमी झालेल्या वर्षी जाणार असाल तर हाताशी जादा आठवडे ठेवा.

दोर आणि चार माणसं

कागदानंतर सगळ्यात जास्त तयारी याची हवी. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला प्रचंड हौद, ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. छोटी बोट त्यात मधोमध उभी करायची असेल तर चार कोपऱ्यांतून चार दोर भिंतीवर जातात. प्रत्येक दोर किमान ३८ मीटर लांब, २२ मिलिमीटर जाड, एका टोकाला मोठा फास. सुकाणूवर एक, दोरांवर चार, आणि कालव्याचा सल्लागार: बोटीवर किमान सहा माणसं. सुकाणूवरच्या माणसाला दोरावरच्यांत धरत नाहीत. आमचे तिघे आणि वहिनी धरून चारच होत होते. पाचवा शेजारच्या नांगरावरच्या बोटीवरून आला आणि त्याबदल्यात पुढच्या आठवड्यात वहिनी त्याच्या बोटीवर गेल्या. ही देवाणघेवाण तिथे रोजची आहे. एका बोटीवर आधी पाहुणे म्हणून जाऊन यायची संधी मिळाली तर सोडू नका.

वहिनींनी त्याआधी कधी जाड दोर धरला नव्हता. गाटुनच्या तीन हौदांपैकी प्रत्येकात बोट साधारण साडेआठ मीटर वर जाते, म्हणजे जवळजवळ तीन मजले. म्हणून आम्ही त्यांचा सराव आमच्या इमारतीच्या जिन्यात घेतला. बोहरी आळीतून जाड दोर आणला, वरचं टोक तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला बांधलं आणि त्यांना तळमजल्यावर उभं केलं. एकेक पायरी चढायची आणि चढताना दोरात झोळ पडू द्यायचा नाही. झोळ पडला की मी वरून 'ओढा!' म्हणायचे. मग उलटं: तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं आणि दोर हळूहळू सोडत जायचं. उतरताना दोर खुंटीला पक्का बांधून हात सोडला तर बोट दोराला टांगली जाते आणि खुंटी डेकमधून उपटून येते. चौथ्या फेरीला त्यांचे तळवे लाल झाले, पण दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही ही गोष्ट अंगात भिनली. पनामात सल्लागाराने त्यांना विचारलं की ही तुमची कितवी वेळ.

दोर आणि भिंतीच्या धक्क्यापासून बोट वाचवणारे टायरचे फेंडर कोलोनमध्ये भाड्याने मिळतात. टायर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले घ्या, नाहीतर बोटीच्या अंगावर काळे पट्टे उठतात.

प्रत्यक्ष दोन दिवस

ठरलेल्या दिवशी दुपारी क्रिस्तोबालच्या सिग्नल स्टेशनला व्हीएचएफ रेडिओच्या १२ नंबरच्या चॅनेलवर हजेरी द्यायची आणि सल्लागाराची वाट बघायची. त्याला गरम जेवण आणि बंद बाटलीतलं पाणी द्यावं लागतं; जेवण पसंत पडलं नाही तर ते बाहेरून येतं आणि पैसे आपण देतो. वहिनींनी चिकन आणि मोकळा भात केला होता. त्याने दोनदा घेतला.

वर चढताना मोठं जहाज पुढे आणि छोट्या बोटी मागे. भिंतीवरची माणसं बारीक दोरीला बांधलेला गाठीचा गोळा बोटीवर भिरकावतात. त्या दोरीला आपला फास बांधायचा आणि ते वर ओढून घेतात. हा गोळा चांगला जड असतो. सौर पॅनलवर गाद्या किंवा उशा आधीच टाकून ठेवा, आणि गोळा येताना वर बघत राहा. पाणी खालून उकळल्यासारखं वर येतं. पुढचं जहाज निघताना त्याच्या पंख्याचा लोट मागे येतो, म्हणून सल्लागार सांगेपर्यंत दोर सोडू नका. बहुतेक वेळा दोन-तीन बोटी एकमेकींना बांधून एक जुडगा करतात. मधे सगळ्यात ताकदीची बोट.

रात्र समुद्रापासून २६ मीटर उंचीवर, गाटुन तलावातल्या तरंगत्या बोयाला बांधून. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती पाळा, तिथे मगरी आहेत. सकाळी दुसरा सल्लागार येतो. तलाव, मग कुलेब्राची खिंड, मग पेद्रो मिगेलचा एक हौद आणि मिराफ्लोरेसचे दोन. उतरताना क्रम उलटा: छोट्या बोटी पुढे, जहाज मागे. आपल्या मागून डोंगराएवढं लोखंड हळूहळू आत येत असतं. दादा म्हणाला, त्या दहा मिनिटांत बोटीवर कुणी एक शब्द बोललं नाही.

सुएझचं काय

भूमध्य समुद्रात बोट घेऊन घरी आणायची असेल तर सुएझ जवळचा. १९३ किलोमीटर, एकही लॉक नाही, त्यामुळे दोरांची कसरत नाही. इथेही मोजणी होते. इस्माइलियाला रात्रीचा मुक्काम, पायलट बदलतो, आणि एजंटशिवाय काम पुढे सरकत नाही. अडचण त्यापुढे आहे. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले. विमा कंपनीने त्या भागासाठी लेखी होकार दिला नसेल तर जाऊ नका. बोट मालवाहू जहाजावर चढवून आणणं महाग पडतं, पण माझ्या घरच्या माणसांसाठी मी तेच निवडेन. तरीही जाणाऱ्यांनी ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ केंद्राकडे आणि आपल्या नौदलाच्या गुरुग्राममधल्या आयएफसी-आयओआर केंद्राकडे प्रवासाची नोंद करावी.

बाल्बोआतून निघताना

पॅसिफिकच्या बाजूला, बाल्बोआ बंदरात, पोचलात की भाड्याचे दोर आणि टायर परत करा, पावती घ्या, आणि पुढच्या देशाच्या नावाचा सार्पे काढा. फ्रेंच पॉलिनेशियाला जाणार असाल तर भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो, आणि नेहमीच्या शेंगेन व्हिसात ती बेटं येत नाहीत. तो अर्ज पुण्यातून निघण्याआधीच करा. वहिनींचा राहिला होता, त्यामुळे त्यांना बाल्बोआहून विमानाने परत यावं लागलं, आणि बोटीच्या यादीतून त्यांचं नाव कमी करून २० प्रती पुन्हा काढाव्या लागल्या.